विमान थांबवावं एकाने, निवाडा करावा दुसऱ्याने

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात लोहगाव विमानतळावर विमानं होती, प्रवासी होते, पण ती उडवायला पायलट नव्हते. पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता. आठवड्याची सलग विश्रांती पहिल्या टप्प्यात, जुलैतच, ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती; आता रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची होती आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग करता येणार होती. इंडिगोने त्या हिशेबाने माणसं उभी केली नव्हती. क्रूची वाट पाहत थांबलेल्या विमानांनी पुण्याचे पार्किंग बे अडवले आणि त्याची झळ इतर कंपन्यांच्या विमानांनाही बसली. पुढे डीजीसीएने, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, त्या कंपनीला काही आठवड्यांची सवलत दिली आणि स्वतःच्याच चार फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरांना, म्हणजे उड्डाणं आणि पायलट तपासणाऱ्या निरीक्षकांना, घरी पाठवलं.

तेव्हापासून पायलट आणि निरीक्षक यांच्या खटक्याचा विषय निघाला की दोन पक्ष लगेच पडतात. एक पक्ष म्हणतो, पायलट लाडावलेत. गलेलठ्ठ पगार घेतात, वर विश्रांती मागतात, तपासायला कुणी आलं की अंगावर जातात. चारजणांची लायसन्सं काढून घ्या, बाकीचे आपोआप सरळ होतील. दुसरा पक्ष म्हणतो, हे निरीक्षक कालपर्यंत कुठल्या ना कुठल्या कंपनीचंच विमान उडवत होते, उद्या पुन्हा तिथेच जाणार. त्यांची तपासणी म्हणजे मोठ्या कंपनीला सलाम आणि एकट्यादुकट्या पायलटला दम. दोन्ही पक्ष एकच प्रश्न विचारतात : खरं कुणाचं? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रसंगी वेगळं येणार, म्हणून त्यातून पुढे काहीच निघत नाही. विचारायला हवं ते हे, की भांडण होतं त्या क्षणी कुणाच्या हातात कोणता अधिकार असतो?

माझं म्हणणं असं. उड्डाण जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार निरीक्षकाला पूर्ण हवा आणि त्यावर विमानाच्या शिडीशी घासाघीस नको. मात्र त्याच निरीक्षकाने, किंवा तो ज्या कार्यालयाचा नोकर आहे त्याच कार्यालयाने, पायलटच्या लायसन्सचा निवाडा करू नये. थांबवणारा हात आणि शिक्षा करणारा हात वेगवेगळे हवेत. आपल्याकडे दोन्ही हात एकाच धडाला आहेत, आणि सुरक्षेचं नुकसान तिथे होतं.

भांडण कशावरून पेटतं ते जरा जवळून पाहू. पहाटे साडेपाचची वेळ, लोहगावचं अ‍ॅप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, दिवसाची पहिली फेरी. कॅप्टन किंवा फर्स्ट ऑफिसर (सहपायलट) टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरतो. मुख्य चाकांच्या आत ब्रेकच्या कवचातून एक बारीक धातूची पिन बाहेर डोकावत असते. तिला वेअर पिन म्हणतात. ब्रेकच्या चकत्या झिजतील तशी ही पिन आत जाते. ती बाहेर दिसते तोवर ब्रेक शिल्लक आहे, कडेशी सपाट झाली की ब्रेक बदलायचा. ही पिन पार्किंग ब्रेक लावून आणि हायड्रॉलिकचा दाब पुरेसा असतानाच पाहायची असते. दाब कमी असला तर चकत्यांवरची पकड सुटलेली असते आणि पिन आहे त्यापेक्षा लांब दिसते, म्हणजे झिजलेला ब्रेक चांगला वाटतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानात साठवणीचा दाब उतरलेला असू शकतो. खटका ‘ऑन’वर आहे, पण ब्रेक खऱ्या अर्थाने लागलेला नाही. फर्स्ट ऑफिसरने पाहिलं तेव्हा पिन दोन मिलिमीटर बाहेर होती. दहा मिनिटांनी पंप सुरू होऊन दाब चढला, निरीक्षक खाली वाकला, तर पिन सपाट. आता निरीक्षक म्हणतो ब्रेक संपलाय, पायलट म्हणतो मी स्वतः पाहिलीय, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

यावरचा उपाय वादाचा नाही. इंजिनिअरने दाब पूर्ण चढवायचा, दोघांच्या देखत पिन मोजायची, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक वहीत, नोंद करायची. सपाट असेल तर जॅक लावून चाक काढायचं, ब्रेकचा जोड बदलायचा, गळती तपासायची, सही करायची. सुटा ब्रेक पुण्यात असेल तर काही तासांचा उशीर, मुंबईहून आणावा लागला तर सकाळ गेली. १८० लोक चिडतील, पण त्यापलीकडे काही बिघडणार नाही. मात्र निरीक्षकाच्या अहवालात ‘ब्रेक मर्यादेबाहेर’ याबरोबर ‘बाह्य तपासणीत पायलटचा हलगर्जीपणा’ ही ओळ आली, की त्या ओळीपासून वाद ब्रेकचा राहत नाही, नोकरीचा होतो. कॅप्टन दाबाचं कारण सांगेल तर ती सारवासारव वाटते, गप्प बसला तर कबुली ठरते. मग तो आवाज चढवतो, निरीक्षक अधिकाराची भाषा बोलतो, आणि दाब उतरल्यामुळे पिन फसवते ही खरी उपयोगाची गोष्ट, जी देशातल्या प्रत्येक पहिल्या फेरीच्या क्रूला कळायला हवी, ती कुठेच लिहिली जात नाही.

‘नको’ म्हणण्याची पाळी पायलटवरही येते, हे या चर्चेत फारसं कुणी बोलत नाही. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या जेमतेम वर आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,९४० फूट. एप्रिलच्या दुपारी पारा ४० ला टेकला की इंजिनाला आणि पंखांना मिळणारी हवा जवळपास ५,४०० फूट उंचीवरच्याइतकी विरळ होते. इंजिनाचा जोर घटतो, पंखाला उचलायला जास्त वेग लागतो, धाव लांबते. अशा दुपारी कॅप्टन हिशेब मांडून म्हणतो की इतकं वजन नेणार नाही, काही सामान उतरवा. किंवा एखादा बिघड एमईएलच्या यादीत बसतो, म्हणजे तो तसाच ठेवून ठरलेल्या मुदतीपर्यंत उडायला परवानगी असते : ‘बी’ वर्गाला ३ दिवस, ‘सी’ला १०, ‘डी’ला १२०. कागद उडायला हरकत घेत नाही, तरी पावसाळी रात्री, डोंगराळ मार्गावर, दोन-तीन बिघड एकत्र आलेले पाहून कॅप्टन ते विमान नाकारू शकतो. नाकारायलाच हवं अशा वेळा असतात. तेव्हा त्याच्यावर कंपनीचा दबाव येतो आणि तोही थांबवणाऱ्याच्या जागी उभा असतो.

म्हणून तत्त्व एकच धरावं लागतं. विमानाच्या बाबतीत जो ‘नको’ म्हणेल त्याचं त्या दिवशी चालावं, मग तो निरीक्षक असो, कॅप्टन असो, नाहीतर कालच लायसन्स मिळालेला फर्स्ट ऑफिसर. आणि ‘नको’ म्हटल्याची किंमत त्याला त्या दिवशी मोजावी लागू नये.

हे तत्त्व मोडलं की काय होतं ते आपण दोनदा पाहिलंय. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान उंचावरून, जास्त वेगात धावपट्टीकडे आलं. फर्स्ट ऑफिसरने तीनदा सांगितलं की गो-अराउंड करू, पुन्हा वर जाऊ. विमानाची यंत्रणाही धोक्याचे इशारे देत होती. कॅप्टनने उतरवलंच, आणि १५८ माणसं गेली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीने कॅप्टनची चूक स्पष्ट नोंदवली. कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ झोपला होता हेही नोंदवलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहिली : फर्स्ट ऑफिसरने सूत्रं हातात घ्यावीत की नाहीत याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोडला पावसात विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट आत जाऊन टेकलं. त्याआधी सहपायलटने गो-अराउंडचा शब्द उच्चारला होता. २१ जण गेले, त्यात दोन्ही पायलट होते. दोन्ही वेळा ‘नको’ हा शब्द कॉकपिटमध्ये मोठ्याने बोलला गेला होता. त्या शब्दाला वजन नव्हतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकून घेऊ, कारण ती बाजू लेचीपेची नाही. पहिला मुद्दा धाकाचा. धाक चालतो, हे मी मान्य करतो. उड्डाणाआधीची श्वासचाचणी हे त्याचं उत्तम उदाहरण. उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य, यंत्रावर आकडा शून्यच हवा, त्यात सवलत नाही. पहिल्यांदा सापडला तर लायसन्स तीन महिने बंद, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. ‘मी फक्त द्राक्षासव घेतलं होतं’, ‘होमिओपॅथीचे थेंब होते’, ‘माउथवॉश होता’ या सबबी तिथे चालत नाहीत आणि चालूही नयेत. ज्या औषधात अल्कोहोल आहे ते घेऊन ड्युटीवर यायचंच नाही. तोंडात राहिलेला अंश पंधरा-वीस मिनिटांत निघून जातो, रक्तातला निघत नाही, म्हणून थोड्या वेळाने दुसरी चाचणी घेतात आणि निकाल तिथेच लागतो. पण हा धाक का चालतो? तिथे मतभेदाला जागाच नाही म्हणून. आकडा यंत्र सांगतं, शिक्षा आधीच लिहिलेली आहे, निरीक्षकाला कुणाकडे डोळे वटारून पाहावं लागत नाही. आणि पायलटला नियम पाळणं पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

दुसरा मुद्दा लबाडीचा. २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचं नाकाचं चाक आधी टेकलं. चौकशी करत गेल्यावर त्या पायलटची गुणपत्रिकाच बनावट निघाली, मग आणखी प्रकरणं बाहेर आली, आणि परवाने देणाऱ्या यंत्रणेतल्या लोकांनाही अटक झाली. अशा माणसांना कसली मुभा? काहीच नाही. ते काम पोलिसांचं आहे आणि त्यांनी ते पूर्ण करावं. पण बारकाईने पाहा. ती लबाडी कॉकपिटमधल्या जादा आसनावर, जंप सीटवर, बसलेल्या निरीक्षकाच्या धाकाने पकडली गेली नाही. एक विचित्र लँडिंग झालं, ते का झालं हे कुणीतरी मुळापर्यंत खणलं, कागद पडताळले, तेव्हा ती सापडली. खणायला वाव राहिला म्हणून सापडली.

धाकाचा उपयोग संपतो तो चुकांच्या दारात. दारू पिणं किंवा बनावट कागद करणं हा निर्णय असतो. चूक हा निर्णय नसतो. ऐकताना २४० आणि २१४ यांची गल्लत होते, चेकलिस्टच्या मध्येच रेडिओ वाजतो आणि एक ओळ राहून जाते, नकाशावरची खूण दोन अर्थांची असते. अशी चूक करणारा माणूस शिक्षेच्या भीतीने चूक टाळू शकत नाही, कारण ती करताना त्याला ती कळतच नाही. भीतीने तो एवढंच करतो की नंतर ती सांगत नाही.

न सांगण्याची किंमत अमेरिकेने १ डिसेंबर १९७४ ला मोजली. वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण ठार. उतरण्याची परवानगी आणि नकाशा यांचा पायलटने जो अर्थ लावला, तोच अर्थ काही आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीच्या क्रूनेही लावला होता. ते थोडक्यात वाचले होते आणि त्यांनी आपल्या कंपनीला कळवलंही होतं. ती सूचना कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. त्यानंतर तिथल्या नियामकाने, म्हणजे एफएएने, १९७५ मध्ये योजना काढली : आपल्या चुका आम्हाला कळवा, सहसा कारवाई करणार नाही. पायलटांनी पुरेसा विश्वास ठेवला नाही. जो दंड करतो त्याच्याच कानात चूक कशी सांगायची? वर्षभरात एफएएला ते पटलं आणि १९७६ मध्ये अहवाल गोळा करण्याचं काम नासाकडे गेलं. नासाच्या हातात कुणाचं लायसन्स नव्हतं, म्हणूनच तिला हे काम दिलं. दहा दिवसांच्या आत कळवायचं. चूक जाणूनबुजून केलेली नसावी, गुन्हा किंवा अपघात नसावा, मागच्या पाच वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसावा. मग चौकशीत दोष सिद्ध झाला तरी लायसन्सला हात लागत नाही. ही व्यवस्था पन्नास वर्षं टिकलीय. नियम सैल झाले नाहीत, पायलट देवमाणसं झाले नाहीत. ऐकणारा आणि मारणारा वेगळे केले, इतकंच.

आपल्याकडची ऐच्छिक अहवालाची सोय डीजीसीएच्याच छपराखाली आहे. तिथे एखादा फर्स्ट ऑफिसर ‘माझ्याकडून ही ओळ राहिली’ असं लिहील का?

धाक कधी उलटतो याचं आणखी एक उदाहरण लँडिंगचं. विमान जोरात टेकलं की नोंदयंत्रावर गुरुत्वाचा आकडा चढतो. हा आकडा ठरावीक रेषेपलीकडे गेला की पायलटला जाब विचारायचा, अशी पद्धत पडली तर पायलट काय करेल? अलगद टेकवायचा प्रयत्न करेल. त्यासाठी तो विमान धावपट्टीवर तरंगत ठेवेल, आणि तरंगण्याच्या प्रत्येक सेकंदाला दोनशेहून जास्त फूट धावपट्टी मागे पडते. ओल्या धावपट्टीवर तर ठाम टेकणंच सुरक्षित, कारण चाकाखालचं पाणी फुटून रबर जमिनीला लागायला हवं. प्रवासी हादरेल, टाळ्या वाजवणार नाही, पण विमान थांबेल. आकड्याच्या भीतीने केलेलं मऊ लँडिंग जुलैच्या पावसात धावपट्टीच्या टोकाकडे नेतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि तो मला बराच काळ अडवत होता. निरीक्षकाचे दात काढले, त्याला ‘सहकार्य करा’ म्हणून सांगितलं, तर तो कंपनीचा मित्र होऊन बसतो. याचा पुरावाही अमेरिकेतलाच. २००८ मध्ये उघड झालं की साउथवेस्ट कंपनीने ४६ बोइंग ७३७ विमानं सक्तीची भेग-तपासणी न करता उडवली होती. चूक लक्षात आल्यावरही एफएएच्या देखरेख अधिकाऱ्याने ती काही दिवस उडू दिली. तपासल्यावर त्यातल्या सहा विमानांच्या धडावर भेगा निघाल्या. सहकार्याचा इतका मोठा फजितवाडा दुसरा सापडणार नाही. पण प्रकरण बाहेर कुणी काढलं? त्याच कार्यालयातल्या एका निरीक्षकाने, बॉबी बुट्रिस यांनी. वरिष्ठांच्या मागे लागून लागून ते दमले आणि शेवटी त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली. बुट्रिस यांच्याकडे शिक्षेचा अधिकार कमी पडला नव्हता. विमान जमिनीवर ठेवण्याचा त्यांचा शब्द वरिष्ठाला फिरवता आला, हे दुखणं होतं. म्हणून मी थांबवण्याच्या अधिकाराला बिनशर्त म्हणतो. निरीक्षकाने ‘हे विमान उडणार नाही’ म्हटलं की तो आदेश कुणा वरिष्ठाने फोनवरून मागे घेता कामा नये. फिरवायचा तर लेखी, नावानिशी, तांत्रिक कारण देऊन.

पुण्याला हा विषय नवा वाटू नये. १७९१ मध्ये इथल्या कोतवालाने, घाशीरामने, चोरीच्या संशयावरून तैलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत डांबलं. पकडणारा तो, कोंडणारा तो, गुन्हेगार ठरवणाराही तोच. सकाळपर्यंत कित्येकजण गुदमरून मेले आणि मग शहराने कोतवालाला दगडांनी ठेचलं. दोन्ही गोष्टी भयंकर, आणि दोन्ही एकाच उणिवेतून निघालेल्या : मधे निवाडा करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आधी कोतवालाने निवाडा केला आणि मग जमावाने. त्याच शहरात, अठराच वर्षं आधी, नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं होतं. रामशास्त्र्यांच्या हाताखाली शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता. त्यांनी कुणाला पकडलं नव्हतं, म्हणून आपण चुकीचा माणूस पकडला हे लपवायची गरज त्यांना नव्हती. जो पकडतो, त्याला आपली पकड बरोबर ठरवायची ओढ असतेच. तो वाईट माणूस असावा लागत नाही.

ही ओढ निरीक्षकालाही असते. १९९२ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या एका हवाई कसरतींच्या कार्यक्रमानंतर दोन एफएए निरीक्षकांनी बॉब हूव्हर या नामांकित पायलटबद्दल कळवलं की त्याची बुद्धी पूर्वीसारखी राहिलेली नाही. हूव्हर तेव्हा सत्तरीत होते. त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र काढून घेतलं गेलं. डॉक्टरांच्या मतांची लढाई जुंपली, ऑस्ट्रेलियाने त्यांना उडायला परवानगी दिली, आणि स्वतःच्या देशात प्रमाणपत्र परत मिळायला १९९५ उजाडलं. निरीक्षकांना खरोखर काळजी वाटली असेल, असं मी धरून चालतो. पण त्यांच्या शंकेला तपासणारा त्रयस्थ वेळेत मिळाला नाही. पुढे २००० मध्ये तिथे कायदा झाला : एफएएने तातडीने लायसन्स काढलं तर ती तातडी खरी आहे का, हे पायलट एनटीएसबीपुढे, म्हणजे अपघात तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळापुढे, नेऊ शकतो, आणि मूळ अपिलाचा निकाल ६० दिवसांत लागावा लागतो. एनटीएसबी एफएएच्या हाताखाली नाही. तिथे एफएएला फिर्यादी म्हणून उभं राहून आपली बाजू सिद्ध करावी लागते.

आपल्याकडे काय आहे? निरीक्षकाचा अहवाल डीजीसीएकडे जातो. कारणे दाखवा नोटीस डीजीसीए काढतं, उत्तर डीजीसीए वाचतं, लायसन्स किती महिने बंद हे डीजीसीए ठरवतं. १९३४ च्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, अपिलाची एक पायरी वाढली, पण पायऱ्या चढून गेल्यावर वरही सरकारच बसलेलं आहे. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की हे तत्त्व आपण अपघातांसाठी केव्हाच मान्य केलंय. २०१२ मध्ये अपघात तपासणारं एएआयबी डीजीसीएतून वेगळं काढलं, कारण नियम करणाऱ्याने स्वतःच्या देखरेखीखालच्या अपघाताची चौकशी करू नये हे पटलं होतं. अपघाताच्या तपासाचा हेतू दोष लावणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, असं आंतरराष्ट्रीय कराराचं परिशिष्ट १३ सांगतं. माणसं मेल्यावर जे तत्त्व आपण पाळतो, ते माणसं जिवंत असताना का पाळू नये?

यावर कुणी म्हणेल, वेगळं न्यायाधिकरण म्हणजे तारखांवर तारखा, आणि तोवर धोकादायक पायलट हवेत. ही भीती योग्य आहे, म्हणून त्याला हवेत ठेवायचंच नाही. निरीक्षकाला शंका आली की त्याच दिवशी पायलटला रोस्टरवरून उतरवावं, पगार चालू ठेवून, ‘दोष’ हा शब्द न वापरता. काही दिवसांत सिम्युलेटरवर तपासणी व्हावी, ती त्या कंपनीच्या नसलेल्या परीक्षकाने घ्यावी. ६० दिवसांत निर्णय नाही आला तर तो कामावर परत. थांबवायला विलंब शून्य, शिक्षेला मात्र पुरावा. आज नेमकं उलटं होतं. शिक्षेच्या भीतीने थांबवणंच लांबतं, कारण निरीक्षकालाही माहीत असतं की आपण एक ओळ लिहिली तर एका माणसाच्या घराचे हप्ते थांबतील. सहृदय निरीक्षक मग ती ओळ लिहीतच नाही, आणि ब्रेकची पिन तशीच राहते.

निरीक्षकाच्या खुर्चीबद्दलही बोललं पाहिजे. ३१ जानेवारी २०१४ ला एफएएने भारताला सुरक्षेच्या वरच्या श्रेणीतून खाली उतरवलं. पूर्णवेळ फ्लाइट ऑपरेशन्स निरीक्षक पुरेसे नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण होतं. भरती करावी लागली आणि एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली. पण भरती झाली ती मुख्यतः कंत्राटावर. अनुभवी पायलट काही वर्षांच्या करारावर निरीक्षक होतो, करार संपला की पुन्हा विमान कंपनी. अशा माणसाने मोठ्या कंपनीचं विमान अडवायचं तरी कुणाच्या भरवशावर? आणि डिसेंबरमध्ये चौघांना काढलं तेव्हा बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल? जोरात बोललो तर कंपनी नाराज, गप्प बसलो तर डीजीसीए बळी देणार. त्या चौघांची चूक होती की नव्हती हे मी ठरवत नाही. निर्णय कोणत्या पुराव्यावर झाला, त्यांचं म्हणणं कुणी त्रयस्थाने ऐकलं का, हे लोकांसमोर यायला हवं होतं. जो न्याय पायलटला हवा, तोच निरीक्षकालाही हवा. विश्रांतीचे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते, कंपनीने किती पायलट घेतले हे महिन्या-महिन्याला मोजता येत होतं. ते मोजणं चार निरीक्षकांचं काम होतं, की त्यांच्या वरच्या सगळ्या साखळीचं?

कायम नोकरी, कंपनीतल्या पगाराशी बरोबरी करणारं वेतन, आणि निरीक्षकपद सोडल्यावर काही काळ आपण तपासलेल्या कंपनीत न जाण्याची अट : हे खर्चिक आहे. एका विमानाच्या किमतीपुढे तो खर्च मोठा नाही.

पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ हेच सध्या नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत. त्यांच्याकडे पुणेकर धावपट्टी लांब करून मागतात, नवी उड्डाणं मागतात, आणि ते बरोबरच आहे. त्याच निवेदनात आणखी तीन ओळी घालता येतील. पायलट आणि निरीक्षकांच्या चुकांचे अहवाल डीजीसीएबाहेरच्या संस्थेकडे जाऊ द्या. लायसन्सवरच्या कारवाईचं अपील मंत्रालयाबाहेरच्या न्यायाधिकरणाकडे, ६० दिवसांच्या मुदतीने. आणि निरीक्षकाने लिहिलेला ‘थांबवा’ हा शब्द तोंडी आदेशाने कुणालाही खोडता येणार नाही, असा नियम. नव्या धावपट्टीसाठी जमीन लागते, हवाई दलाची संमती लागते, वर्षं लागतात. या तीन ओळींना एक अधिसूचना आणि एक छोटी कायदादुरुस्ती लागेल.